आवडीची सावली

आवडीवर कुणी विश्वास ठेवला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात ही गोष्ट सांगायला बसलं की लोक शेवटाकडून सुरुवात करतात. आवडी थोर होती, आवडी देवीची होती, आवडीनं गावाचे डोळे राखले, असं हात जोडून सांगतात. मग ती जिवंत होती, घसा फोडून सांगत होती, तेव्हा हे जोडलेले हात कुठं होते? एकानंही तिच्याकडे मान वळवली नाही. म्हणून ऐकायचं तर पहिल्यापासून ऐका, आणि मधे मधे हात जोडू नका.

गावाला सडक नव्हती आणि सडक म्हणून काही असतं हेही कुणाला ठाऊक नव्हतं, इतक्या मागची ही गोष्ट. सह्याद्रीच्या पायथ्याला कातळखोल नावाचं आमचं गाव. वर काळा कातळ, खाली भाताची खाचरं, आणि दोघांच्या मधे नवलाई देवीची राई. राई अशी दाट होती की भर दुपारी आत गेलेल्या बाईला वाटायचं, दिवा लावायची वेळ झाली. ऐन, किंजळ, बेहडा, एकेक झाड चार माणसांच्या कवेत न येणारं. त्यांच्या मुळांतून एक झरा निघायचा आणि खालच्या कोंडीत पडायचा. गाव तेच पाणी प्यायचं. राईचा कायदा एकच होता. हिरवं तोडायचं नाही. कोयता बाहेर ठेवायचा आणि मगच आत पाय टाकायचा.

त्या मोठ्या झाडांच्या खाली अंजनी असायची. अंजनी म्हणजे झुडूपच, माणसाच्या डोक्याला लागेल एवढं. पान जाड, तुकतुकीत, बाराही महिने हिरवं. होळी झाली की तिच्या फांद्यांना निळी फुलं येतात, ती पानाआड नाही येत, थेट काष्ठाला चिकटून येतात, कुणीतरी वरून नीळ सांडल्यासारखी. सावलीत जन्मते आणि सावलीतच मरते. देवीनं एकदा काजळ घातलं आणि बोट त्या झुडपाला पुसलं, तेव्हापासून तिच्या पानात डोळ्यांचा गुण आला, असं म्हणतात.

आणि आमच्या गावाला डोळ्यांचीच रड होती. उन्हाळा आला की डोळे यायचे. लाल व्हायचे, चिकटायचे, पोरं भिंतीला धरून चालायची. कुणाचे आठ दिवसांत बरे व्हायचे, कुणाच्या डोळ्यात फूल पडायचं. फूल म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग. एकदा पडलं की ते झडत नाही. अंजनीची पानं उकळून त्या पाण्यानं डोळा धुतला की फूल पडत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. औषधाला म्हणून पाच पानं घ्यायची मोकळीक होती. पण पाच पानांची ओंजळ झाली, ओंजळीची टोपली झाली, आणि होता होता सबंध राईत अंजनीची सात झुडपं उरली.

मग लोकांनी ती घरी लावून बघितली. अंगणात लावली, गोठ्यामागे लावली, शेणखत घातलं, रोज घागरभर पाणी घातलं. सगळी जळाली. तेव्हा गावानं ठरवून टाकलं की अंजनी देवीची आहे, ती माणसाच्या हाताला येत नाही. आपल्याला जमलं नाही की ते देवाचं, ही रीत तेव्हाही होती.

नवलाईचा गुरव होता धाकू. देवीला पाणी घालणं, गाऱ्हाणं घालणं आणि कौल लावणं हा त्याच्या घराचा मान. आवडी त्याची धाकटी बहीण. लग्न होऊन गेली, दोन वर्षांत नवरा तापानं गेला, तशी माहेरी परत आली आणि देवीचा चौथरा झाडायला लागली. काळी, उंच, आणि जीभ अशी की कोयती बरी. नाव आवडी, पण आवडायची कुणाला नाही.

चौथरा झाडता झाडता ती बघत बसायची. अंजनीची काळी फळं बुलबुल खातात, ते तिनं बघितलं. बुलबुल जिथं रात्र काढतात त्या फांदीखाली, कुजक्या पाचोळ्यात, अंजनीचं रोप उगवलेलं तिनं बघितलं. त्या पाचोळ्याला आम्ही पातेरा म्हणतो. मग तिनं फळं वेचली, तोंडात धरून गर चोखून काढला, आणि बी वाळू न देता त्याच दिवशी पातेऱ्याखाली नखभर खोल ठेवलं. वाळलेलं बी उगवत नाही. उकरलेल्या जमिनीत उगवत नाही. ऊन लागलं तर उगवलेलंही राहत नाही. हे तिला कुणी शिकवलं नाही. ती बघत होती, एवढंच.

कोंडीवर पाणी भरणाऱ्या बायका हसायच्या.

"काय गो आवडे, राईत काय पेरतेस? सावल्या?"

"तुझी अक्कल पेरून बघितली. उगवली नाय. म्हणून हे पेरते."

पहिल्या वर्षी रोपाला दोन पानं आली. दुसऱ्या वर्षी चार. तिसऱ्या वर्षी रोप घोट्याला लागलं. भात चार महिन्यांत घरात येतं, ते बघणाऱ्या लोकांना हे झाड वाढतंय असं कसं वाटणार? आवडी मात्र रोज जायची, रोपावर फांदी पडली तर उचलायची, आणि पातेऱ्याला हात लावायला कुणाला द्यायची नाही. म्हणायची, "वीतभर पातेरा हाय तोवर रोपाला ओल हाय, आणि तीच ओल झऱ्यात येते. पातेरा गेला की दोन्ही गेली." लोक म्हणायचे, झरा देवीचा आहे, पातेऱ्याचा नाही.

पाचव्या वर्षी वैशाखात वारा सुटला आणि एक म्हातारा बेहडा मुळासकट पडला. राईला वरून भोक पडलं. खाली आवडीची शंभरावर रोपं होती, त्यांच्यावर थेट सूर्य आला. दोन दिवसांत पानं पिवळी पडायला लागली. आवडीनं काय करावं? ती त्या उन्हात जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी पदर पसरला आणि रोपांवर धरला. ऊन सरकलं की तीही सरकायची. पाऊस येईपर्यंत, अख्खा वैशाख आणि अर्धा ज्येष्ठ, ती रोज अशी उभी राहिली. एका बाईच्या पदराखाली शंभर रोपं कशी मावली, असं विचारू नका. मावली, असं म्हणतात. शेवटच्या दिवशी ढग आले, तिनं हात खाली घेतले आणि ती घराकडे निघाली. ती निघाली, पण तिची सावली निघाली नाही. ती तिथंच रोपांवर पसरून राहिली.

हे पहिल्यांदा कळलं पुतळाला. पुतळा म्हणजे धाकूची बायको, आवडीची वहिनी. दोघी एका वयाच्या, एका चुलीवरच्या. आवडीशी हसून बोलणारं गावात एकच माणूस होतं, ते म्हणजे पुतळा. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं वर बघितलं आणि सूप खाली ठेवलं.

"वन्सं, तुमची सावली कुठाय?"

"राईत ठेवून आले."

"आणणार कधी?"

"रोपं डोक्याला लागली की."

पुतळा हसली. पण गाव हसलं नाही. जिला सावली नाही ती बाई कसली, असं बोलणं सुरू झालं. गरोदर बायका तिला बघून दार लावायच्या. तिनं भरलेल्या घागरीला कुणी शिवायचं नाही. आणि उन्हाळ्यात डोळे आले की तिच्याच झुडपांची पानं न्यायची, तीही तिच्याकडे पाठ करून. दहा वर्षांत आवडीनं राईत तीनशे झुडपं उभी केली. त्यातल्या शेवटच्या चार वर्षांत गावातल्या एकाही पोराच्या डोळ्यात फूल पडलं नाही. त्याचं श्रेय कुणाला? देवीला. अपशकून कुणाचा? आवडीचा.

आता धाकूचं सांगते. सगळ्या गावानं डोळे धुतले, एकट्या धाकूनं धुतले नाहीत. कारण गुरव अव्यंग पाहिजे. ज्याच्या अंगात खोट त्यानं देवीपुढं उभं राहायचं नाही, हा नेम. डोळे आलेत हे कळलं तर गावकर, म्हणजे गावचे मानकरी, विचारणार, आणि मान दुसऱ्या घरात जाणार. मान गेला की देवीच्या नावानं घराघरातून येणारं भातही गेलं. त्या घराला दुसरी शेती नव्हती. आवडी पानांचं पाणी करून त्याच्यापुढं ठेवायची.

"दादा, धू. डोळा जाईल."

"धुताना कुणी बघितलं तर घर जाईल."

डोळा गेला. आधी एक, मग दुसरा. दोन्हीत फूल पडलं. धाकूनं पापण्या खाली ठेवून चालायची सवय केली. लोक म्हणाले, गुरव किती लीन झालाय. पुतळा कळशी घेऊन पुढं चालायची आणि हातातल्या बांगड्या वाजवायची, धाकू त्या आवाजामागे चालायचा. लोक म्हणाले, या वयातसुद्धा नवराबायकोचं काय प्रेम! घरातल्या तिघा मोठ्या माणसांना सोडून कुणाला कळलं नाही.

कौल मात्र डोळ्यांचंच काम. आमच्याकडं कौल असा लावतात. अंजनीची दोन फुलं ओली करून देवीच्या पाषाणाला चिकटवायची, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. गुरव गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. उजवं फूल पडलं तर देवीचा होकार, डावं पडलं तर नकार. गाऱ्हाणं चालू असताना सगळ्यांनी मान खाली घालायची, कपाळ मातीला टेकायचं. फूल पडताना फक्त गुरवानं बघायचं. बायका मागं गडग्याच्या, म्हणजे रचलेल्या दगडांच्या बांधाच्या, पलीकडं. मग आंधळ्या धाकूला कळायचं कसं? पुतळा मान वर ठेवायची. उजवं पडलं की बांगड्या एकदा वाजवायची, डावं पडलं की दोनदा. असे किती कौल लागले आणि खरे ठरले. तिनं कधी खोटं वाजवलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

मग ते वर्ष आलं. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजावी लागते, त्यासाठी पाला आणि काटक्या पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. दरवर्षी डोंगरावरच्या फांद्या छाटून छाटून डोंगर बोडका झाला होता. त्या वर्षी राबाला पालाच मिळेना. गावचा मुख्य गावकर होता तानोजी. तो पारावर बसून म्हणाला, "राईत गुडघाभर पातेरा कुजतोय. हिरवं तोडायचं नाय, हा कायदा. पडलेलं उचलायचं नाय, असं कुणी म्हटलंय?"

सगळ्यांना एकदम आठवलं की असं कुणी म्हटलेलं नाही. गेल्या सात पिढ्यांत हे कुणाला सुचलं नव्हतं, म्हणून तानोजी शहाणा ठरला.

आवडी पारासमोर येऊन उभी राहिली. बायकांनी पारासमोर येऊ नये, पण ती आली. "पातेरा नेलात तर अंजनी मरंल आणि झरा आटंल. एक वर्ष भात खाल आणि मग डोळे चोळत बसाल."

"तुला गो काय कळतं झऱ्यातलं?"

"तुम्ही पाणी पिता. मी बघते."

वाद वाढला तसा तानोजी म्हणाला, कौल लावू. देवी म्हणंल ते. ते सगळ्यांना पटलं, आवडीलाही पटलं. देवी खोटं बोलणार नाही, अशी तिची खात्री होती. देवीबद्दल ती बरोबरच होती.

कौलाच्या आदल्या दिवशी तानोजी गुरवाच्या दारात आला. धाकू घरात नव्हता. पुतळा होती. तानोजी पायरीवरच उभा राहिला आणि म्हणाला, "पुतळे, राब नाय तर रोप नाय, रोप नाय तर भात नाय. आमच्याच घरात भात नसंल तर देवीच्या नावानं तुमच्या टोपलीत काय टाकायचं, ते तूच सांग." एवढंच बोलला आणि गेला. धमकी दिली असं म्हणता येणार नाही. तो तसा गोड बोलणारा माणूस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव राईत गेलं. धाकूनं फुलं चिकटवली, गाऱ्हाणं घातलं. "आई नवलाई, तुझ्या पायाखालचा पातेरा लेकरांनी राबाला न्यावा का, उजवं-डावं सांग." चाळीस घरांचे पुरुष मातीत कपाळ टेकून होते. गडग्यापलीकडं बायकांनी माना घातल्या होत्या. दोघींची मान वर होती. पुतळाची, आणि तिच्या शेजारी आवडीची.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. आणि डावं फूल पडलं. नुसतं पडलं नाही, कुणी फेकावं तसं उडून धाकूच्या पायाशी येऊन पडलं, असं म्हणतात.

पुतळानं हात उचलला. बांगड्या एकदा वाजल्या. हात तसाच राहिला वर. दुसऱ्यांदा वाजल्या नाहीत.

"उजवं!" धाकू ओरडला. "आईनं उजवं दिलं!"

माना वर झाल्या. फूल तोवर धाकूच्या पायाखाली चिरडलं होतं, आणि नेमाप्रमाणं त्यानं पाषाणावर कळशी ओतली होती, त्यात उरलेलं फूलही वाहून गेलं होतं. आवडी गडगा ओलांडून पुढं आली.

"डावं पडलंय! दादाला दिसत नाय! दोन्ही डोळ्यांत फूल हाय त्याच्या, बघा पापणी उचलून!"

भावाचं गुपित तिनं इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं, ते त्या दिवशी सगळ्या गावापुढं टाकलं. आणि कुणी पापणी उचलली नाही. गुरवाच्या अंगाला देवीपुढं हात कोण लावणार? धाकू पापण्या मिटून लीन उभा होता. एक म्हातारा म्हणाला, "जो रोज आपल्या हातानं देवीला पाणी घालतो, तो आंधळा? आणि ही डोळस?"

आवडी मागं वळली. "वयनी, तू बघितलंस. माझ्या शेजारी होतीस. सांग यांना."

सगळं गाव पुतळाकडं बघायला लागलं. तानोजीही बघत होता. पुतळानं बांगड्या पदराखाली घेतल्या.

"माझी मान खाली होती," ती म्हणाली. "मी नाय बघितलं."

तानोजी हसला. "जिच्या पायाशी सावली उभी राहत नाय, तिच्या शब्दाशी कोण उभं राहणार?"

सगळे हसले. आमच्या गावात चांगलं बोललेलं लगेच कळतं.

त्याच दिवशी झाडणी सुरू झाली. चाळीस घरं टोपल्या घेऊन आली. पुरुष, बायका, पोरं, सगळी. आवडी आपल्या सावलीच्या जागी जाऊन पातेऱ्यावर आडवी पडली. तिला ओलांडायची आणि हात लावायची कुणाला छाती झाली नाही, म्हणून तेवढी जागा सोडून लोकांनी बाकीची राई झाडली. चार दिवसांत नवलाईच्या राईत उघडी माती दिसायला लागली. अंगण सारवल्यासारखी स्वच्छ. कुणीतरी म्हणालं, किती छान दिसते राई आता.

आणि त्या वर्षी भात कसं पिकलं, काय सांगू! लोंब्या वाकून मातीला लागल्या. लोकांनी आवडीला मुद्दाम ओरडून सांगितलं, "बघ गो, बघ!" आवडी राईतून घरी यायची थांबली होती. पुतळा पानावर भात घेऊन जायची आणि गडग्यावर ठेवायची. पहिले काही दिवस पान रिकामं मिळायचं. मग एक दिवस भात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही तसाच. आत जाऊन बघितलं तर आवडी नव्हती. पायाचे ठसे नव्हते, लुगड्याची चिंधी नव्हती. पडलेल्या बेहड्याच्या वरचं आभाळ मोकळं होतं, खाली थेट ऊन यायला हवं होतं, आणि खाली सावली होती. सावलीत अंजनीची झुडपं होती.

दुसऱ्या वर्षी माघातच झरा बारीक झाला. फाल्गुनात कोंडीचा तळ दिसला. राईतल्या अंजनीनं पानं टाकली, बाराही महिने न गळणारी पानं, आणि तिच्या काटक्या झाल्या. तिसऱ्या वर्षी डोळे आले. असे आले की घरात दार उघडून द्यायला डोळस माणूस नाही. हिरवी पानं सगळ्या राईत एकाच जागी होती, आणि तिथं जायला लोक घाबरले. त्या जागेला आवडीची बाधा आहे म्हणाले. बाधा! एकोणीस पोरांच्या डोळ्यांत फूल पडलं, पण त्या सावलीत पाय टाकायला एक बाप तयार झाला नाही. उलट ठरलं असं की आवडीनंच झरा चोरला, सावलीत लपवून ठेवला. तेव्हा झुडपं तोडून तिची बाधा काढावी का, म्हणून पुन्हा कौल लावायचा.

अंजनीची फुलं नव्हती, म्हणून कुड्याची पांढरी फुलं आणली. धाकूनं ती चिकटवली, गाऱ्हाणं घातलं. पण त्या दिवशी पुतळा गडग्यामागं नव्हती. तिच्या लेकीचे डोळे आले होते, ती तिला मांडीवर घेऊन घरी बसली होती. पायाखालच्या वाटेनं एकटा आलेल्या धाकूला वाटलं, ती मागून आली असेल. गडग्यामागं कुणा बाईनं दंडावरचा डास मारला. बांगड्या एकदा वाजल्या.

"उजवं! आईनं उजवं दिलं!"

या खेपेला तानोजीनं मान खाली घातली नव्हती. त्याच्या दोन्ही नातवांचे डोळे गेले होते, आणि माणूस तेव्हा मान वर करतो. त्यानं बघितलं. दोन्ही फुलं देवीच्या खांद्यांवर होती तशी होती.

"गुरवा," तो हळू म्हणाला, "फुलं दोन्ही वर हायत."

धाकूनं मान पाषाणाकडं वळवली. मग म्हणाला, "पडंल. पडंल आता."

आता लोकांनी त्याच्या पापण्या उचलल्या. दोन पांढरी फुलं. त्याच क्षणी आवडी खरी ठरली आणि सगळा दोष धाकूवर गेला. मान काढून घेतला, भात बंद झालं. तो घरात चुलीकडं तोंड करून बसला आणि पाऊस यायच्या आधी मेला. तानोजीनं पुढं होऊन त्याच्या आंधळेपणाला शिव्या दिल्या. पायरीवर उभं राहून आपण काय बोललो होतो ते त्याला आठवलं नसावं.

धाकू अजून चुलीपाशी बसलेला होता तेव्हाच, पुतळाच्या लेकीचे डोळे उघडत नव्हते. तेव्हा पुतळा एकटी राईत गेली. सावलीच्या कडेला उभी राहिली, पण पाय आत टाकेना. हात पुढं केला तरी झुडूप लांब राहायचं, अजून केला तरी तेवढंच लांब. मग ती खाली बसली आणि तिनं पदर पसरला. तेव्हा झुडपावरून पाच पानं गळली. हिरवी, तुकतुकीत, मोजून पाच. अंजनीचं हिरवं पान असं गळत नाही. ती पाच पानं उकळून तिनं लेकीचे डोळे धुतले. एक डोळा वाचला, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका कोरड्या कोंडीपाशी पाण्यासाठी झिरे खणत बसल्या होत्या. पुतळा तिथं आली. तिनं हातातल्या सगळ्या बांगड्या दगडावर आपटून फोडल्या आणि म्हणाली, "मी बघितलं होतं. डावं पडलेलं मी बघितलं होतं. दोनदा वाजवायचं होतं, मी एकदा वाजवलं. वन्संनी विचारलं तेव्हाही मी बघितलेलंच होतं."

एका बाईनं खणायचं थांबून विचारलं, "मग तेव्हा का गो नाय बोललीस?" पुतळा म्हणाली, "चूल पेटती ठेवायची होती." त्यावर त्या बायकांनी तिच्या अंगावर चिखल टाकला. त्यातल्या प्रत्येकीनं टोपली घेऊन राई झाडली होती.

पुढं लोकांनी आपापल्या परसातला पातेरा नेऊन राईत टाकला. वर्षानुवर्षं टाकला. आवडीच्या सावलीतल्या झुडपांची फळं बुलबुलांनी बाहेर नेली आणि अंजनी परत पसरली. झरा आला, पण पूर्वीच्या निम्मा. बाकीचा निम्मा अजून आलेला नाही. ती जागाही तशीच आहे. वर झाड नाही आणि खाली सावली आहे. उगाच फिरायला आलेल्या माणसाला ती दिसत नाही.

आमच्या गावात आता कौल लावत नाहीत. होळीनंतर अंजनीला पहिलं निळं फूल दिसलं की त्या दिवशी प्रत्येक घरातली बाई आपल्या परसातला टोपलीभर पातेरा घेऊन राईत जाते आणि झुडपांच्या बुडाशी ओतते. त्या दिवशी देवीपुढं कुणी मान खाली घालत नाही. चार वर्षांच्या पोरीलासुद्धा मान वर धरायला लावतात. टोपली ओतली की एकेकीनं मोठ्यानं म्हणायचं, "मी बघितलं." आवडीच्या नावाचं तेवढंच. नारळ नाही, नैवेद्य नाही. मग त्याच दिवशी उन्हानं डोळे आलेल्यांना पाच पानं देतात, तीही तोंड न फिरवता.

आणि शेवटी गावातली सगळ्यात म्हातारी बाई गडग्यावर उभी राहते आणि विचारते, "बघून गप्प कोण राहिली?" तानोजीचं नाव कुणी घेत नाही. त्याचे वंशज पुढच्याच रांगेत बसलेले असतात. चाळीस घरांच्या चाळीस टोपल्यांचंही नाव कुणी घेत नाही. आपण सगळ्यांनी सुटायचं तर एकीला धरून ठेवावं लागतं, आणि गावानं तिला असं धरलंय की किती पिढ्या झाल्या तरी सोडत नाही. म्हातारी तीनदा विचारते. तिसऱ्यांदा विचारलं की बाया, पुरुष, पोरं, अख्खं कातळखोल एका आवाजात राई हादरेल असं उत्तर देतं, पुतळा.